पाणी सोडणाऱ्या गोरखभावजींची सुटी

गोरखभावजींना "कसं काय, बरं आहे ना?" असं कुणी विचारलेलं मी या गावात नांदायला आल्यापासून ऐकलेलं नाही. त्यांचा चेहरा दिसला की माणसाच्या तोंडातून एकच प्रश्न बाहेर पडतो, "पाणी कधी सोडणार?" देवळात हात जोडून उभे असले तरी तोच, न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असली तरी तोच. आमच्या चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला सगळी भावकी नदीकाठी पिंडाकडे डोळे लावून बसली होती आणि कावळा काही शिवेना. तेवढ्यात मागून कुणीतरी भावजींच्या कानाला लागलं, "आज वरच्या आळीला हाय का खालच्या?" भावजी तसेच पुढे बघत म्हणाले, "आधी कावळ्याचं मिटू द्या, मग तुमचं बघू." रडणाऱ्या बायकासुद्धा पदराआड हसल्या. भावजींना मात्र आपण काही विनोद केला आहे हे कळलंच नाही. ते नेहमीसारखे दमलेले होते आणि खरं तेच बोलले होते.

आमची पिठाची गिरणी आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत आहे. गिरणी बंद असली की त्यांच्याकडे चमचा पडला तरी मला कळतं, आणि चालू असली की मी नंतर छायाला विचारून घेते. छाया म्हणजे त्यांची बायको. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते पदरचं नाही.

विंझरहून वेल्ह्याकडे जाताना लागणारं आमचं गाव उतारावर आहे, आणि हा उतार भावजींच्या गुडघ्यांत गेलाय. कानंदीच्या काठाला विहीर आणि तिच्यावर मोटर. गावाच्या डोक्यावर टेकाडाला टाकी. मोटर चालू करायला खाली उतरायचं, टाकी भरली का बघायला वर चढायचं, भरली की पुन्हा खाली जाऊन मोटर बंद करायची, मग दोन आळ्यांच्या मधे येऊन व्हॉल्व फिरवायचे. खांद्यावर व्हॉल्वची चावी, म्हणजे कमरेएवढी लोखंडी सळई, वर आडवी मूठ. थ्री फेज लाईट कधी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळे जेवणाचा नेम नाही, झोपेचा तर नाहीच. ताटावरून उठून गेलेला माणूस बघायचा असेल तर त्यांच्या ओसरीत डोकवावं. मी चेष्टेनं म्हणायचे, "भावजी, लग्नाच्या दिवशी तरी सप्तपदी पुरी केलीत का, का चौथ्या पावलाला लाईट आली?" छाया आतून ओरडायची, "आली व्हती! सासऱ्यांनी धरून ठिवलं."

लेक शिवानी भोरला दिलेली. भोर शहरात दुसऱ्या मजल्यावर तिची भाड्याची जागा आहे. या बापानं लेकीचं घर बघितलंय, पण तिथे वस्तीला कधी राहिला नाही. सकाळी वडापच्या जीपमधे बसून निघायचे, कापूरहोळला उतरायचे, भोरच्या एसटीची वाट बघत धाब्यावर चहा सांगायचे आणि चहा यायच्या आत फोन यायचा. पाइप फुटला. लाईट आली. वरच्या आळीत भांडण लागलं. मग चहा तसाच पिऊन उलटी जीप. आमच्याकडे एखादी गोष्ट अर्धवट राहिली की बायका म्हणतात, "कापूरहोळ झालं गं."

एकदा असेच परत येऊन ओसरीवर टेकले होते. मी विचारलं, "भावजी, एवढं काय ठेवलंय हो भोरला?"

"काय न्हाई वहिनी. शिवानीच्या मोरीत एक नळ हाय. त्यो फिरवायचा. पाणी येतं. त्ये कुठनं आलं, कुणी सोडलं, कवा बंद हुईल, ह्याचा इचार करायचा न्हाई. आठ दिस."

"एवढंच?"

"एवढंच. आन तितं मला कुणी वळखत न्हाई."

माणसं काशीला जायची इच्छा धरतात. या माणसाची इच्छा एका नळाशी येऊन थांबली होती, आणि तीही पुरी होत नव्हती.

गेल्या साली गावात नवीन योजना आली. नवी मोटर, नवा पाइप, आणि मोटरीच्या खोलीत लोखंडी कपाट. त्या कपाटात पांढऱ्या रंगाची, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. तिला पीएलसी म्हणतात म्हणे; आम्ही डबी म्हणतो. ती बसवायला कापूरहोळहून नागसेन आला होता. चौकात त्याचं छोटं वर्कशॉप आहे. पुण्याची कंपनी सामान पाठवते आणि हा भोर-वेल्ह्यात हिंडून बसवतो. बोलायला गोड माणूस, फक्त कायम दुसरीकडे जायच्या घाईत.

त्यानं भावजींना समजावलं. "तात्या, ही डबी म्हणजे मोटरीचं डोकं. वर टाकीत एक पट्टी सोडलीय, ती पाणी किती झालं ते बघणार. ते सिमकार्डवरून खाली या डबीला कळणार. टाकी रिकामी झाली की डबी मोटर चालू करणार, भरली की बंद. आळ्यांचे व्हॉल्वसुद्धा हीच फिरवणार. आणि तुम्हाला मधेच काही करावंसं वाटलं तर हे मोबाईलवर."

"आन म्या काय करायचं?"

"तुम्ही झोपायचं."

भावजींनी छायाकडे बघितलं, छायानं माझ्याकडे. मी म्हटलं, "बघताय काय? देव माणसाच्या रूपात येतो ते हे."

पण आमचं गाव एवढ्यावर गप्प बसणारं नाही. ग्रामसभा भरली. वरच्या आळीचा ज्ञानू उठला. "मोबाईल फकस्त गोरखच्या हातात? म्हंजी मोटर त्याच्या घरात गेली की! आन गोरख खालच्या आळीचा!" झालं. गावात एक जुना रिवाज आहे. गावाच्या मालकीच्या कुठल्याही वस्तूची चावी कुणाच्या घरी राहत नाही. मोटरीच्या खोलीची, मंडपाच्या सामानाची, भजनाच्या पेटीच्या कपाटाची, सगळ्या चाव्या भैरवनाथाच्या देवळात खिळ्यांना लटकलेल्या असतात. कुणीही उघडावं, कुणीही बंद करावं, म्हणजे कुणी कुणावर संशय घ्यायला नको. चाव्या उघड्यावर असूनही आजवर काही चोरीला गेलेलं नाही. गेलं तर कुणी नेलं ते जेवणाच्या आत कळतं, मी इथेच असते.

सरपंच इंद्रजित जवान पोरगा, त्याला हा रिवाज आणि मोबाईल दोन्हींचा अभिमान. तो म्हणाला, "वाद कशाला? पासवर्ड म्हणजे चावीच की. सगळ्यांना देऊन टाकू. ज्याला बघायचंय त्यानं आपापल्या मोबाईलवर टाकी बघावी." टाळ्या पडल्या. योजनेचा फलक रंगवायला पेंटर आलाच होता. मोटरीच्या खोलीच्या भिंतीवर योजनेचं नाव, टाकीत किती लिटर मावतात, आणि त्याखाली तांबड्या ऑइलपेंटमधे मोबाईलवर कुठे जायचं तो पत्ता आणि पासवर्ड. अक्षर मोठं, रस्त्यावरून वाचता येईल असं.

नागसेननं कपाळाला हात लावला. "सरपंच, पासवर्ड भिंतीवर लिहीत नसतात."

"मग काय घरात ठेवायचा आणि गावात भांडणं लावायची?"

"निदान बदलून तरी घ्या. कंपनीतून आलेलाच आहे, एक दोन तीन चार."

"राहू दे ना. म्हाताऱ्या माणसांच्या पण ध्यानात राहतो."

नागसेन आणखी थोडा बोलला असता. पण त्याला शिवऱ्याला दुधाच्या टाकीचं काम होतं, तिथून फोनवर फोन येत होते. तो म्हणाला, "बरं, पुढच्या खेपेला बघू," आणि गाडीला किक मारली. मग उद्घाटन झालं. नारळ फुटला, फलकापुढे उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले, आणि ते फोटो जिथे जिथे मोबाईल पोचतो तिथे पोचले.

भावजींचे पुढचे महिने मी माझ्या डोळ्यांनी बघितले. पहिले काही दिवस ते उगाच टेकाडावर जाऊन येत. गुडघे दुखायचे तरी जायचे, आणि टाकीत डोकावून पाणी आहे असं बघून चेहरा पाडून परत यायचे. मग हळूहळू सुटले. दुपारी ओसरीवर आडवे व्हायला लागले. झोपायची सवय नाही, त्यामुळे आधी नुसते डोळे मिटून पडायचे. मी भिंतीवरून विचारायचे, "भावजी, लागली का?" "न्हाई अजून." थोड्या वेळानं पुन्हा, "आता?" "वहिनी, तुमी इचारायचं थांबलात तर लागंल." एक दिवस उत्तर आलं नाही. छाया दबक्या पावलांनी बाहेर येऊन मला म्हणाली, "नूतन, बघ गं, घोरतोय," जसं काही घरात पाळणा हललाय.

आणि मग भोरचं ठरलं. आठ दिवस, नवरा-बायको दोघांनी. निळी रेक्झिनची बॅग माळ्यावरून उतरली. चिवडा झाला, नाचणीचं पीठ मी दळून दिलं, भावजींनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. मी म्हटलं, "कापूरहोळच्या पुढचा रस्ता माहितीय ना, का दाखवायला येऊ?" ते हसले. दात दिसतील असे हसले, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

निघायच्या आधीच्या सोमवारी सकाळी धोंडाबाई टेकाडाखालून ओरडत आली. म्हातारीचं खळं टाकीच्या खाली आहे. टाकी भरून वाहत होती, पाण्याचा लोट सरळ खळ्यावर आला होता आणि तिच्या वाळत टाकलेल्या तुरीच्या शेंगा ओढ्याकडे निघाल्या होत्या. "आरं गोरख्या, माझी तूर चालली भोरला! तुझ्या आधी पोचंल!"

भावजींनी मोबाईल उघडला. मोबाईलवर टाकी रिकामी दिसत होती. वर नळकांड्यातून पाणी धो धो पडतंय, आणि मोबाईल सांगतोय टाकीत थेंब नाही. ते तसेच पळत नदीवर गेले आणि हातानं मोटर बंद केली.

दुसऱ्या दिवशी उलटं झालं. मोबाईलवर मोटर चालू, आणि नळ कोरडे. बुधवारी तर मोटर उचकी लागल्यासारखी चालू-बंद, चालू-बंद करायला लागली.

आता गावात प्रत्येकाकडे पासवर्ड. त्यामुळे प्रत्येकाला चोर माहीत. खालच्या आळीचं म्हणणं, वरच्या आळीवाले आपल्याकडे पाणी ओढतात. वरच्या आळीचं म्हणणं, गोरख भोरला निघालाय, जायच्या आधी आपल्या आळीचे हंडे भरून घेतोय. ज्ञानूनं तर भावजींना चारचौघांत विचारलं, "झोपंत बोट लागतं का रं मोबाईलला?" आणि खरं सांगायचं तर जो तो शहानिशा करायला म्हणून आपला मोबाईल उघडायचा आणि बंद दिसली की चालू, चालू दिसली की बंद करून बघायचा. आमच्या घरातले पण त्यात होते. भावजी पुन्हा खाली-वर, खाली-वर. बॅग दाराशी भरून उभी होती, येता-जाता तिला पाय लागत होता.

छाया मला म्हणाली, "शनिवारी जायचं हाय आन म्या हितं कपाळाला हात लावून बसलीया. कापूरहोळपत्तुर तरी जाऊ द्या म्हणावं ह्या वेळी."

शेवटी इंद्रजितनं नागसेनला बोलावलं. गुरुवारी सकाळी तो आला. मीही गेले. गिरणी बंद ठेवली. एवढं काही चाललेलं असताना दळण काय दळायचं! खोलीत नागसेन, भावजी, इंद्रजित, आणि दारात तुरीचा हिशेब घेऊन धोंडाबाई. बाकीचे लोक बाहेर फलकाखाली.

नागसेननं कपाट उघडलं. डबीशेजारी एक छोटा पडदा आहे, त्यावर आमच्या गावाचं नाव असायचं. आता तिथे कुठल्यातरी परक्या लिपीतली ओळ होती. त्यानं आपला लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघत बसला आणि मग भिंतीला पाठ लावून तिथेच खाली बसला. दमलेला माणूस दुसऱ्या दमलेल्या माणसाकडे बघतो तसं त्यानं भावजींकडे बघितलं.

"तात्या, हे गावातलं कुणी नाही."

"मंग?"

"बाहेरचं आहे. लांबचं, दुसऱ्या देशातलं असेल. कुणीतरी बसल्या जागेवरून आत आलंय. टाकी भरल्याची खूण बदलून ठेवलीय, म्हणून डबीला वाटतंय टाकी रिकामी आहे."

बाहेरून ज्ञानूचा आवाज आला, "फलकाचा फोटो बघून आला आसंल!"

इंद्रजितची मान खाली गेली. नागसेन म्हणाला, "फोटोनं सोपं झालं असेल. पण फोटो नसता तरी आला असता. या डबीतच एक भोक आहे. घराला कुलूप लावलंय, पण मागच्या भिंतीची वीट सैल आहे, असं. पासवर्ड न विचारता आत येता येतं. कंपनीनं आता कळवलंय सगळ्यांना. नव्या डब्यांचं भोक त्यांनी बुजवलंय. ही जुनी आहे, हिचं बुजवणार नाहीत."

"जुनी?" भावजी म्हणाले. "गेल्या सालीच तर बशिवली."

"बसवली गेल्या साली. बनवलेली जुनी आहे. स्वस्तात पडली असेल कुणाला तरी. मला पण नंतर कळलं."

धोंडाबाई दारातून आत सरकली. "पर म्या म्हणते, त्या मेल्याचं आमी काय वाकडं केलंय? माझ्या तुरीशी त्याची कसली दुश्मनी?"

"दुश्मनी काही नाही आजी. त्याला तुमचं गाव कुठं आहे ते पण ठाऊक नाही. अशा डब्या जगात जिथं जिथं आहेत तिथं तो दार वाजवत फिरतो. जिथं उघडलं तिथं शिरतो आणि दिसेल ते बटण दाबतो."

म्हातारीला हे काही पटलं नाही. दुश्मनीशिवाय कुणी कुणाची तूर बुडवतं, हे तिच्या आयुष्यात बसत नव्हतं. "काय तरी आसंल," ती म्हणाली. "जुनं काय तरी."

इंद्रजित सावरला. "आपण असं करू, पासवर्ड बदलू, फलकावर चुना मारू. शेजारच्या गावच्या सरपंचांना मी मोबाईलवर मोटर चालू करून दाखवलीय हो. मोबाईलवरचं तेवढं बंद पडायला नको."

"बदलतोच. पण वीट सैल ती सैलच राहणार," नागसेन म्हणाला. "कंपनीनं एकच उपाय सांगितलाय. सिमकार्ड काढायचं. बाहेरच्या जगाशी संबंध तोडायचा. मग कुणी येऊ शकत नाही."

"आन टाकीचं?" भावजींनी विचारलं.

"टाकीचा निरोप त्याच सिमवरून येतो. सिम काढलं की डबी आंधळी. मोटर हातानं चालू करायची, वर जाऊन बघायचं, हातानं बंद करायची. व्हॉल्व पण चावीनंच. नवी डबी मागवावी लागेल. खोटं सांगत नाही तात्या, मंजूर होऊन यायची म्हणजे पावसाळा लागेल. कुठल्या सालचा ते माझ्या हातात नाही."

आणि मग आमच्या गावात जे नेहमी होतं ते झालं. सगळ्यांनी भावजींकडे बघितलं. सरपंच असून इंद्रजितनं बघितलं, डबी बसवलेल्या नागसेननं बघितलं, मी पण बघितलं. पाण्याचं काहीही असो, नजर तिकडेच जाते.

भावजी म्हणाले, "नागसेनराव, तसंच ठिवलं तर काय हुईल?"

"काहीच होणार नाही कदाचित. पासवर्ड बदलला म्हणून कंटाळून जाईल. आठ दिवस नीट चालेल, महिना चालेल. किंवा आज दुपारी विहिरीत पाणी नसताना मोटर चालू ठेवेल. कोरडी फिरली की जळते. मग गावाला टँकर."

"आन काढलं तर?"

"तर तुमच्याशिवाय चालणार नाही."

मी मनात म्हटलं, भावजी, ठेवा तसंच. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. आठ दिवस तो परदेशी माणूस दुसऱ्याच्या गावात खेळेल, तुम्ही नळ फिरवून या. माझ्या तोंडावर आलं होतं. एरवी नको ते बोलते, पण तेव्हा जीभ रेटली नाही, कारण माझ्या घरातही हंडा आहे.

भावजींनी इस्त्रीला दिलेला पांढरा शर्टच घातला होता. परवाची घाई आजच झाली असावी. त्यांनी बाह्या वर केल्या. "दावा, कुठलं हाय त्ये."

नागसेननं डबीशेजारचं काळं यंत्र दाखवलं. त्यातून काडीसारखा तुरा वर आलेला होता आणि खाली हिरवा दिवा लुकलुकत होता. भावजींनी नखानं सिमकार्ड दाबलं, ते पुढे आलं. त्यांनी ओढून काढलं. दिवा एकदा तांबडा झाला आणि विझला. ते सिमकार्ड त्यांनी इंद्रजितच्या हातावर ठेवलं. "घ्या, सरपंच. संबंध तोडला." मग नागसेनकडे वळून, "तुमी च्या घ्या. लांबनं आलाय."

नागसेन काही तरी म्हणणार होता. माफीबिफी असेल. पण त्याचा फोन वाजला. कुठेतरी दुसरीकडे अशीच डबी असावी. तो चहा न घेताच गेला. त्याचाही चेहरा बघवत नव्हता. त्यानं या भागात अशा किती बसवल्यात ते त्यालाच ठाऊक, आणि आता प्रत्येक ठिकाणी जाऊन प्रत्येक म्हातारीला दुश्मनी कशी नाही ते समजावायचं होतं.

छायाला मी सांगायच्या आधी भावजींनीच सांगितलं. मी भिंतीला कान लावून होते, गिरणी अर्थातच बंद होती.

"काढलं?"

"व्हय."

"तुमीच?"

"म्याच."

मी समजले, आता भांडं आपटणार. पण आवाज आला तो बॅगेची चेन ओढल्याचा. छाया म्हणाली, "तुमचे कपडे भाईर काढलेत. म्या चालले शनिवारी. आठ दिस म्हंजी आठ दिस. मला कुणी पाणी इचारत न्हाई."

"चिवडा?"

"अर्धा ठिवलाय तुमाला."

आणि ती खरंच गेली. वडापच्या जीपमधे खिडकीशी बसली, बॅग मांडीवर. भावजी तिला सोडायला फाट्यापर्यंत आले तेव्हा खांद्यावर व्हॉल्वची चावी होती, कारण लाईट कधीही आली असती. जीप हलताना ती म्हणाली, "जेवान येळंवर करा." दोघांनाही ठाऊक होतं की ते व्हायचं नाही.

पुन्हा सगळं जुन्यासारखं चालू झालं. फलकावरच्या तांबड्या अक्षरांवर चुना मारला, पण चुना पातळ लागला, पासवर्ड अजून वाचता येतो. ज्ञानूनं भावजींची माफी मागितली नाही, पण एक दिवस त्यांच्या बरोबर टेकाडावर चढला आणि वर जाऊन दम लागून खाली बसला. म्हणाला, "गोरख, रोज यवढं?" भावजी म्हणाले, "रोज न्हाई. रोज तीन-चारदा." दुसऱ्या दिवसापासून ज्ञानूनं टेकाडाचं नाव काढलेलं नाही.

मंगळवारी दुपारी मी पिठलं-भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेले. भावजी नुकतेच वरून आले होते. ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, पाय पुढे सोडलेले, टाचा भेगाळलेल्या. दोन घास खाल्ले आणि फोन वाजला. शिवानीचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी शिवानी आली, मग तिला बाजूला सारून छाया. चार दिवसांत बाईचा चेहरा उजळला होता.

"काय खाताय?"

"पिठलं. वहिनीनं आणलं."

"नूतन, त्यांना मिरची कमी घाल गं. बरं हे बघा." फोन हलला, भिंत दिसली, स्टीलची बादली दिसली, आणि मग एक साधा पितळी नळ. छायानं तो फिरवला. पाणी बादलीत पडायला लागलं. "बघा. ऐकायला येतंय का? कुणी सोडलं ठाव न्हाई. कवा बंद हुईल ठाव न्हाई."

भावजी बघत राहिले. नळ तसाच चालू होता. छाया तिकडून काहीबाही बोलत होती, शेजारीण कशी आहे, बाजार किती जवळ आहे, माडी चढायला किती पायऱ्या. मी ताट उचलायला वाकले तेव्हा बघितलं, भावजींची मान खांद्यावर कलली होती. फोन हातातून मांडीवर घसरला होता आणि त्यातून पाण्याचा आवाज येत होता. मी फोन उचलून छायाला दाखवलं. ती हळूच म्हणाली, "नळ चालूच ठिवू का जरा?" "नको गं बाई, तुझ्या लेकीच्या टाकीतलं संपेल," मी म्हटलं, आणि फोन बंद केला.

आणि नेमकी त्याच वेळी लाईट आली. समोरच्या घरात पंखा गरगरला. आज पाण्याची पाळी वरच्या आळीची. भावजी घोरत होते. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

थोड्याच वेळात धोंडाबाई हंडा कमरेवर घेऊन उतारावरून आली. मी ओसरीच्या पायरीवर जाऊन उभी राहिले, तिला आतलं दिसू नये अशी.

"नूतन, गोरख कुठं हाय गं? लाईट येऊन बसली. पाणी?"

"आत्याबाई, काय सांगू," मी आवाज खाली घेऊन म्हटलं. "तो परदेशातला मेला परत आला वाटतं. त्यानं मोटर बंद करून ठेवलीय. भावजी त्याच खटपटीत आहेत."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. सिमकार्ड काढलं तेव्हा ती दारातच उभी होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. मग तिनं माझ्या बाजूनं मान वाकवली. ओसरीवर पुढे पसरलेले ते भेगाळलेले पाय तिला दिसले असणार, घोरणं तर रस्त्यावर ऐकू येत होतं. तिनं हंडा कमरेवरून खाली घेतला, पायरीवर टेकली आणि पदरानं तोंड पुसलं.

"व्हय का?" ती म्हणाली. "मंग त्याला म्हणावं, सावकाश चालू कर बाबा. माझ्याकडं अजून कळशीभर हाय."